रंकाळ्यावरचा सोडा आणि एक पाद्री

आज रंकाळ्यावर गाडीवाल्यानं गोटी सोडा फोडला आणि जोसेफ प्रीस्टली आठवला. पेशानं पाद्री, नाद रसायनाचा. लीड्समध्ये शेजारच्या बिअरच्या भट्टीत पिंपांवर साचणारा वायू (सोड्यातला कार्बन डायऑक्साइड) त्यानं पाण्यात मुरवला, १७७२ मध्ये कृतीही छापली.

खडूची पूड, त्यावर पाणी घालून सौम्य केलेलं गंधकाम्ल; निघालेला वायू जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीतून पाण्यात सोडायचा, बाटली दणकून हलवायची. खडूचे खडे मोठे राहिले की त्यांवर जिप्समचा थर बसतो, वायू अडतो. पाणी गारच हवं, कोमटात वायू कमी मुरतो. पिशवीमुळं पाण्याला लघवीची चव येते, अशी तक्रार तेव्हाच झाली होती (होणारच की!).

१७९१ मध्ये बर्मिंगहॅमला जमावानं त्याचं घर प्रयोगशाळेसकट उद्ध्वस्त केलं. तीन वर्षांनी तो अमेरिकेला गेला.