पृथ्वीगोल, नोंद ७: पॅरिस गेलं, सुमात्रा मोडला

शाळेतल्या मुलांसोबत मी पृथ्वीगोल करतोय: गोलावर नकाशाच्या छापील पाकळ्या (विषुववृत्ताशी रुंद, ध्रुवाकडे निमुळत्या पट्ट्या) चिकटवायच्या, प्रत्येक गोलार्धाला बारा. तर उत्तर गोलार्धाच्या बाराही पाकळ्या ओल्या फडक्याने भिजवल्या आणि सुरीच्या बोथट बाजूने खरवडून काढल्या. गोल पुन्हा अर्धा बोडका झालाय. दक्षिण चोख बसली, आता उत्तर म्हणजे एका रविवारचं काम, असं मी नोंद ६ मध्ये तोऱ्यात लिहिलं होतं. ती नोंद पुसत नाही, राहू दे तशीच.

मापं तीच: व्यास ३६ सेंमी, परीघ ११३.१, विषुववृत्तावर पाकळी ९.४२ रुंद, साठ अंशांवर बरोब्बर निम्मी. फुग्याचा नाद नोंद ३ मध्येच सुटला. आता पुट्टीचा गोल आहे, प्लायची कमान सळईभोवती फिरवून तासलेला.

तर झालं असं. ग्रीनिचपासून पूर्वेकडे पाकळ्या लावत निघालो. आफ्रिका ठीक, हिंदी महासागरात कोणाचं काय बिघडतंय. चौथ्या पाकळीला सातवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, सुमात्रा मोडलाय." बघितलं तर विषुववृत्तावर सुमात्राचा वरचा तुकडा खालच्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर पूर्वेला सरकलेला. मी म्हटलं, हाताचं काम आहे, एवढं चालायचंच. हे वाक्य मी परत उच्चारलं तर मला कोणीतरी थांबवा. ॲमेझॉनच्या मुखाशी पोचेपर्यंत फरक दीड सेंटीमीटरवर गेला होता. बारावी पाकळी पहिलीवर १.८ सेंमी चढली, म्हणजे जवळजवळ सहा अंश. लंडन त्या शेवटच्या पाकळीवर. खाली दबलं पॅरिस, ब्रसेल्स आणि ॲमस्टरडॅम. पोरांना काय, आनंदच झाला. "इंग्लंडने फ्रान्स घेतला!"

पुढचे दोन रविवार यातच गेले. पहिला संशय गोलावर. शिंप्याची टेप घेऊन विषुववृत्त मोजलं, तीस अंशांवरचं वर्तुळ मोजलं, दोन्ही बरोबर. मग छपाईवर. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दहा सेंटीमीटरची पट्टी छापून घेतो (तुम्हीही घ्या, दुकानातलं यंत्र 'पानात बसवा' म्हणत गुपचूप चार टक्के खातं). तीही बरोबर. उरलेली सुटी पाकळी मोजली तर ९.४. मग खळीवर खापर फोडलं, पातळ झाली असेल म्हणून. पण दक्षिणेला त्याच पातेल्यातली खळ होती!

सुमात्रावालीच शेवटी म्हणाली, "काका, तुम्ही कोरडी पाकळी मोजताय. चिकटवतो तर ओली."

झालं. त्याच पुडक्यातल्या कोऱ्या ए-थ्री कागदातून २५ सेंमीच्या दोन पट्ट्या कापल्या, एक पानाच्या लांबीत, एक रुंदीत. दोन्हींना खळ लावली, पाच मिनिटं थांबलो. लांबीतली २५.४ झाली. रुंदीतली जेमतेम रेघभर हलली. कागदाला लाकडासारखी शीर असते. कारखान्यात तंतू यंत्राच्या दिशेने आडवे पडतात, आणि भिजला की तंतू लांबीत नाही, जाडीत फुगतो. म्हणून शिरेला काटकोनात कागद वाढतो. शीर ओळखायला कागद फाडून बघा: शिरेच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा. किंवा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा, त्याची सुरळी होते तिचा आस म्हणजे शीर. आमच्या पुडक्यात शीर पानाच्या रुंदीत होती.

आणि इथे माझी काटकसर नडली. दक्षिणेच्या पाकळ्या दुकानदाराने त्याच्या सोयीने उभ्या मांडल्या होत्या, पानात तीन. उत्तरेला मी शहाणपणा करून आडव्या मांडल्या, पानात चार बसतात, एक अख्खं पान वाचतं. पान वाचलं, आणि शीर पाकळीच्या उभ्या दिशेला आल्यामुळे प्रत्येक पाकळी रुंदीत दीड मिलिमीटर फुगली. बारा वेळा दीड, १.८. गणित असं जुळल्यावर वर्गात टाळ्या पडल्या, आणि माझ्या दोन रविवारांचं दुःख थोडं हलकं झालं.

उपाय मुलांनी काढला: २५ भागिले २५.४, म्हणजे रुंदी ९८.४ टक्के करून छापायची. गुणोत्तराचं गणित पुस्तकाबाहेर कामाला आलं, त्यामुळे मीही हेच ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, नको. पुढचं पुडकं वेगळ्या शिरेचं निघालं तर पुन्हा तेच. त्यापेक्षा पाकळ्या दक्षिणेसारख्याच मांडायच्या, शीर आडवी. मग वाढ लांबीत जाते, ध्रुवापाशी साडेचार मिलिमीटर. ते ८० अंशांच्या वर गोल टोपी चिकटवून झाकता येतं. बारा टोकं एका बिंदूत नाहीतरी कोणाची नीट जुळतात? जुने गोल करणारेही ध्रुवावर अशी चकती लावत. तर ठरलं, टोपी. ९८.४ वाल्यांना उद्या समजावीन.

कागद ७० जीएसएमचाच (चौरस मीटरला ७० ग्रॅम) बरा. १२०चा दिसतो छान, पण ध्रुवाकडे मुरडत नाही. छपाई लेझरची, घरच्या इंकजेटची शाई खळीत उतरते, नोंद ४ मधला निळा ऑस्ट्रेलिया आठवा. खळ मैद्याचीच. बाटलीतला पांढरा गम लगेच धरतो, पाकळी सरकवायला वेळ देत नाही. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण मुलांचे हात त्यात असताना मी घालणार नाही. लागली कसर तर लागली.

डोंगर उठावाचे करू या, हा हट्ट अजून चालूच आहे. आपल्या प्रमाणात १ सेंमी म्हणजे ३५४ किमी, एव्हरेस्ट पाव मिलिमीटर. मी म्हटलं, आपला कागद एक दशांश मिलिमीटर जाड आहे, म्हणजे जिथे एक पाकळी दुसरीवर चढते तिथे साडेतीन किलोमीटरची डोंगररांग तयार होते, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. आधी ती घालवा. तात्पुरते गप्प झालेत.

आता स्टँड. वेल्डरला सांगितलं होतं, २३.५ अंश कलता. त्याने इमानदारीत २३.५ मोजले, पण उभ्यापासून नाही, जमिनीपासून. आस जवळपास आडवाच. चिडून घरी आलो आणि रात्री डोक्यात आलं: हे तर वेगळ्याच कामाचं आहे. आस जमिनीपासून आपल्या अक्षांशाइतका उचलला आणि उत्तरेकडे रोखला, की गोल खऱ्या पृथ्वीच्या समांतर होतो. आपलं गाव बरोबर माथ्यावर, आणि गोलावर ऊन-सावली पडते तीच त्या क्षणी जगावर. २३.५चा स्टँड उज्जैनला जवळपास चालला असता. साताऱ्याला १७.७ हवेत.

स्टँडखाली पाचर लावून बघितली, डुगडुगते. मग एकाच्या आजीची चुंबळ आली. गोल चुंबळीवर ठेवा, हवा तसा कलवा, जागचा हलत नाही. स्टँडचे पैसे वाया गेले एवढंच.

डिसेंबरचा तिसरा रविवार, शाळेची गच्ची, अर्धा बोडका गोल. बोडक्या भागावर पेन्सिलीने साताऱ्याचा ठिपका, त्यावर काडी, ओळंब्याने सरळ केलेली. उत्तरेची रेघ फरशीवर आधी आखून घ्या. गोलातली लोखंडी सळई जवळ आली की होकायंत्र भरकटतं. मग गोलावर टाचण्या सरळ उभ्या टोचायच्या आणि जिची सावली पडत नाही ती शोधायची; तिथे त्या क्षणी सूर्य डोक्यावर. तीन वाजता ती मोझांबिकच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात होती. चारला बोत्स्वानात, मकरवृत्ताला चिकटून. सूर्य सरकला, टाचणी बदलली, ॲटलास उघडला गेला. एकजण बराच वेळ बोत्स्वानाकडे बघत होता, मग म्हणाला, "तिथे आत्ता जेवायची सुट्टी असेल."

यामुळे वेळापत्रकच बदललं. सूर्य दक्षिणेत आहे तोवर आमचं भागतंय, पण २१ मार्चच्या सुमाराला बिनसावलीची टाचणी विषुववृत्त ओलांडून उत्तरेत येणार, आणि तिथे सध्या नुसती पुट्टी आहे. म्हणजे फेब्रुवारीअखेर उत्तर चिकटलीच पाहिजे. मेच्या १०-११ तारखेला दुपारी ती टाचणी साताऱ्यावरच येईल, तेव्हा वार्निशही झालेलं हवं.

आणि एक विनंती. कोणी दुबईत किंवा लंडनमध्ये असेल आणि घरात साधा गोल असेल, तर जानेवारीत एका रविवारी आपल्या दुपारी चारला (लंडनला साडेदहा, दुबईला अडीच) तो असाच, आपलं गाव माथ्यावर ठेवून उन्हात मांडाल का? टाचणी तिघांचीही एकाच जागी यायला हवी. चुंबळ नसेल तर टॉवेल गोल गुंडाळा.