प्रॉपर्टी पॅनेलमधली रिकामी चौकट आणि माझे तीन आठवडे

प्रॉपर्टी पॅनेलचं काम हाती घेतलं तेव्हा मी दोन आठवडे सांगितले होते. लागले पाच. त्यातले तीन एकाच चौकटीपायी गेले, आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

टूल आमच्याच डेव्हलपर्ससाठीचं. मधे कॅनव्हास, त्यावर बटणं-लेबलं मांडायची, आणि निवडलेल्या कॉम्पोनंटची रुंदी, रंग, फॉन्ट उजवीकडच्या पॅनेलमधून बदलायचा. व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंग टूलच्या काळापासून ही मांडणी लोकांच्या सवयीची आहे. गट, शोधायची चौकट, रंग निवडायची खिडकी हे सगळं आठ दिवसांत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पॅनेल वापरायला दिल्यावर दुसऱ्याच दिवशी एक सहकारी माझ्या टेबलापाशी आली. "अगं, मी फक्त रंग बदलला. सगळ्यांची रुंदी कशी बदलली?" तिने चाळीस कॉम्पोनंट एकत्र निवडले होते. पॅनेल पहिल्या कॉम्पोनंटची रुंदी दाखवत होतं, 120. रंगापर्यंत जाताना ती टॅबने रुंदीच्या चौकटीतून गेली. चौकटीतून बाहेर पडलं की आतली व्हॅल्यू लिहायची, असा कोड मीच लिहिला होता. तिने काही टाइप केलं नव्हतं, तरी चाळीसही कॉम्पोनंटची रुंदी 120 झाली. मग तिने कंट्रोल-झेड दाबायला सुरुवात केली. प्रत्येक कॉम्पोनंटच्या बदलाची नोंद वेगळी, आणि अनडूची, म्हणजे बदल मागे घेण्याची, मर्यादा 50 नोंदी. रंगाच्या चाळीस नोंदी उलटल्या, मग रुंदीच्या दहा, आणि तिथे इतिहास संपला. उरलेल्या तीस रुंद्या तिला आठवून आठवून हाताने भराव्या लागल्या. ते करताना मी तिच्या शेजारी बसले होते. ती दुपार मला फार लागली.

मला वाटलं, उपाय सोपा आहे: व्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर चौकट रिकामी दाखवायची. ती चौकट सामायिक कॉम्पोनंट लायब्ररीतून, म्हणजे सगळ्या टीम वापरतात त्या तयार भागांच्या संचातून, घेतलेली होती. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या स्ट्रिंगचा, म्हणजे रिकाम्या मजकुराचा, नंबर केला की शून्य येतं, आणि लायब्ररीची चौकट तेच शून्य परत द्यायची. म्हणजे आता टॅबने नुसतं पुढे गेलं तरी सगळ्यांची रुंदी शून्य. कॅनव्हासवरून कॉम्पोनंटच गायब!

लायब्ररी सांभाळणाऱ्या टीमला विनंती पाठवली: या चौकटीला 'काहीच नाही' अशी व्हॅल्यू घेता-देता येऊ द्या. आधी फॉर्म. मग प्रश्न, किती स्क्रीनना लागेल, डिझाइनची मंजुरी आहे का. ते भरून पाठवलं. नऊ कामाचे दिवस मी रोज सकाळी आधी तेच पान उघडत होते. दहाव्या दिवशी उत्तर आलं: संख्येच्या चौकटीत संख्याच असायला हवी, रिकाम्यासाठी शून्य योग्य आहे, पुढच्या तिमाहीत पुन्हा बघू.

शून्य अजिबात योग्य नाही. चौकट रिकामी दिसते त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, रुंदी दिलेलीच नाही, बाहेरचा लेआउट ठरवेल. दोन, निवडलेल्यांची रुंदी वेगवेगळी आहे. आणि शून्य म्हणजे कुणीतरी मुद्दाम टाइप केलेली संख्या, ही तिसरीच गोष्ट. व्हॅल्यू वेगवेगळ्या असल्या की गेम बनवायच्या युनिटीतल्या इन्स्पेक्टर या पॅनेलमध्ये आडवी रेघ दिसते, फिग्मा या डिझाइनच्या टूलमध्ये 'मिक्स्ड' असा शब्द येतो. एचटीएमएलच्या चेकबॉक्सलाही खूण आहे आणि नाही यांच्या अधलीमधली अवस्था आहे, फक्त ती मार्कअपमधून (एचटीएमएलच्या मजकुरातून) देता येत नाही, स्क्रिप्टमधूनच लावावी लागते. संख्येच्या चौकटीला तेवढीही सोय नाही.

शेवटी चौकट मीच लिहिली, साध्या टेक्स्ट इनपुटवर. नियम असा: वापरणाऱ्याने मजकूर बदलला असेल तरच लिहायचं. एंटर दाबला किंवा चौकटीतून बाहेर पडलं की नोंद, एस्केप दाबला की आधीचं परत. रुंदी दिलेली नसेल तर फिक्या अक्षरांत 'ऑटो', वेगवेगळी असेल तर रेघ. स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला नुसती रेघ कळत नाही, त्याच्यासाठी 'वेगवेगळ्या व्हॅल्यू' असं स्वतंत्र लेबल द्या. आणि फिकं म्हणजे किती फिकं, तेही मोजा. आमचं 'ऑटो' पहिल्यांदा 4.5:1 या काँट्रास्टच्या, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातल्या किमान फरकाच्या, खाली होतं. निवड कितीही मोठी असो, एका बदलाची अनडूमध्ये एकच नोंद. स्लायडर ओढताना धरल्यापासून सोडेपर्यंत मिळून एकच.

रीसेटचं सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. रीसेट म्हणजे डीफॉल्ट (काही न दिल्यास लागू होणारी) व्हॅल्यू लिहिणं नव्हे, लिहिलेली व्हॅल्यू काढून टाकणं. मी आधी डीफॉल्ट लिहीत होते. नंतर डीफॉल्ट रुंदी बदलली तेव्हा रीसेट केलेले कॉम्पोनंट जुन्याच आकड्यावर अडकून राहिले. रीसेटचं बटणही मी 16 पिक्सेलचं केलं होतं. डब्ल्यूसीएजी 2.2 या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांत किमान 24 बाय 24 सांगितलं आहे, आणि खरोखर तेवढं केल्यावर चुकीचे क्लिक थांबले.

बदललेली प्रॉपर्टी लांबूनही ओळखू यायला हवी. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या प्रॉपर्टीग्रिड या पॅनेलमध्ये ती ठळक अक्षरात येते, व्हीएस कोड या एडिटरच्या सेटिंग्जमध्ये डावीकडे रंगीत पट्टी दिसते आणि फक्त बदललेल्या सेटिंग्ज गाळूनही बघता येतात. मी पट्टी घेतली. ठळक अक्षरांमुळे लांब नावं चौकटीबाहेर जात होती.

लायब्ररीकडची विनंती अजून उघडीच आहे. माझ्या चौकटीचा कोड मी तिला जोडून ठेवला आहे, कुणाला तरी उपयोग होईल.

नवी आवृत्ती मी आधी त्याच सहकारीला दिली. तिने चाळीस कॉम्पोनंट निवडले आणि पॅनेलच्या पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत काहीही न लिहिता टॅब दाबत गेली. मग वर बघितलं. अनडूचं बटण बंदच होतं. तिने रंग बदलला, एकदा कंट्रोल-झेड दाबलं, चाळीसही रंग एकदम परत आले. "आता ठेव हे असंच," ती म्हणाली.