दुबईत जुनी एमजी 5 नावावर करताना

सात वर्षं मी स्टेडियम मेट्रो स्टेशनवरून कामावर जात होतो. गाडीची निकड कधी भासली नाही. पण आईबाबा दोन महिन्यांसाठी येणार ठरलं, आईचे गुडघे दुखतात, आणि मग गाडी घ्यायचीच असं आम्ही नवराबायकोने ठरवलं. लायसन्स आधीच काढलं होतं (भारतातलं इथे थेट चालत नाही, इथली टेस्ट पुन्हा द्यावीच लागते).

नवी घ्यायची तर बँक गाडीच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, वीस टक्के रोख हवेत. मला कर्ज नकोच होतं. कुसैसमधलं एक मल्याळी कुटुंब कायमचं गावी परतत होतं. त्यांची 2021 ची एमजी 5, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, 28 हजार दिरहमला ठरली. फोनवर बाबा म्हणाले, "एमजी म्हणजे आपल्याकडच्या हेक्टरवालीच ना?" तीच. नाव मूळचं ब्रिटिश, आता मालकी शांघायच्या साइक कंपनीची. चिनी गाडी म्हणून मनात धाकधूक होती, ती खोटं कशाला बोलू.

म्हणून पैसे देण्याआधी तसजीलमध्ये, म्हणजे इथल्या गाडी-तपासणी केंद्रात, पूर्ण तपासणी करून घेतली. आपल्यासारखंच इथेही 'पासिंग' म्हणतात. चासी, इंजिन, गिअरबॉक्स सगळं ठीक निघालं. गाडी नापास झाली ती टायरवर! टायरच्या कडेला चार आकडे असतात: आमच्या गाडीवर 3820, म्हणजे 2020 च्या अडतिसाव्या आठवड्यात बनलेला. इथे पाच वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही, आणि आम्ही गेलो 2025 च्या नोव्हेंबरात. नक्षी अजून चांगली खोल होती, पण इथल्या उन्हात रबर आतून सुकतं आणि भर वेगात फुटतं. नियम योग्यच आहे. चारही टायर नवे घातले, खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतला. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी खाली वाकून हे आकडे वाचा.

दुसऱ्या दिवशी पासिंग झालं, माझ्या नावाचा इन्शुरन्सही निघाला (इथे तो तेरा महिन्यांचा मिळतो), आणि गाडी नावावर करायच्या खिडकीवर कळलं की गाडीवर अजून बँकेचा बोजा आहे. त्या भल्या माणसाने शेवटचा हप्ता ऑगस्टमध्येच भरला होता, पण बँकेने बोजा उतरवलाच नव्हता. मुल्कियावर, म्हणजे इथल्या आरसी कार्डावर, बँकेचं नाव छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. त्यांचं विमान सोमवारी. चार दिवस ते बँकेत खेटे घालत होते आणि मी ऑफिसातून फोन. रविवारी दुपारी बोजा उतरल्याचा मेसेज आला. संध्याकाळी आम्ही दोघे पुन्हा त्याच खिडकीवर उभे राहिलो, त्यांचे उरलेले दंड भरले, आणि वीस मिनिटांत मुल्किया माझ्या नावावर झालं.

ते सोमवारी गेले. त्यांना विमानतळावर त्याच गाडीतून मीच सोडलं. त्यांची धाकटी मुलगी उतरल्यावर गाडीच्या दारावर हात ठेवून बराच वेळ उभी होती.

आईबाबा पुढच्या शुक्रवारी आले. आई पुढच्या सीटवर बसली, आणि पाय लांब करता येतात म्हणाली.