साथीचा हात सोडवताना : आकाशवाणीची ऑडिशन

कोल्हापुरात व्हायोलिन वाजवणाऱ्याला काम मिळतं ते बहुतेक साथीचं. नाट्यगीतं, भजन, देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत एखादी बैठक. बिदागी जेमतेम, पण हात चालू राहतो. मला मात्र आकाशवाणीची ग्रेड, म्हणजे ऑडिशन घेऊन कलाकाराला दिली जाणारी श्रेणी, हवी होती, तीही स्वतंत्र वादनाची.

अडचण वेगळीच निघाली. साथीदाराचा हात थांबायला शिकलेला असतो. गायकाने घेतलेली जागा, म्हणजे स्वरांचं एखादं खास वळण, हलकेच उचलायची, तो दम घेईल तेवढ्यात भरून काढायची, की परत गप्प. ऑडिशनसाठी यमन राग काढला तर आलापात दर दोन-चार स्वरांनी माझा गज, तारांवर ओढायची ती केसांची काठी, थबके. समोर गायकच नाही, वाट कुणाची बघतोय?

गुरुजींनी व्हायोलिन पेटीत ठेवायला लावलं. "आधी बंदिश म्हण. म्हणता येत नाही ते वाजवणार काय?" गळा माझा यथातथाच. पण म्हणताना शब्द कुठे तुटतो, दम कुठे पडतो हे कळलं. मग तेच गजावर. शब्दाच्या मधोमध गज पालटायचा नाही. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, एका गजात बसवायचा, आणि समेआधी, तालाच्या पहिल्या मात्रेआधी, गज संपू नये म्हणून सुरुवातीला कंजूषपणे ओढायचा. मींड घेणारा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा, डावा हात लोकांना दिसतो. जीव जातो तो उजव्या मनगटाचा. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडे ते शिकले. त्यांच्या वादनात पूर्वी मी बोटं ऐकायचो, आता गज ऐकू लागलो.

ऑडिशन आली नेमकी पावसाळ्यात. आपल्याकडच्या दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसतात, गजाचे केस सैल पडतात. स्टुडिओतल्या एसीत उलटं : लाकूड आकसतं, खुंटी सटकते. म्हणून लवकर जाऊन पेटी उघडून बसलो, खुंट्यांना खडू लावला, तानपुऱ्याशी तारा पुन्हा मिळवल्या. तरी द्रुत लयीत पंचमाची तार उतरलीच. ती मोकळी वाजवायची टाळली, बोट किंचित वर सरकवून निभावलं. परीक्षक दिसत नव्हते, ते बरंच झालं.

बी ग्रेड मिळाली. साथीची बोलावणी काही कमी झाली नाहीत. फक्त परवा एक गायक कुरकुरले, "हल्ली तुम्ही माझ्या आधीच जागा घेता हो!"