रिचर्डचे नाव नसलेले मृत्युपत्र

बॉस्टनमधल्या एका ग्रंथालयाच्या वंशशोध विभागात मी संशोधक म्हणून काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते : सतराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या एखाद्या प्युरिटन (म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) वसाहतकाराशी आपले घराणे जोडले जावे, आणि तो वसाहतकार शक्यतो शाळेच्या पुस्तकात नाव असलेला निघावा. मागच्या हिवाळ्यात सत्तरीच्या एक बाई आपल्या धाकट्या भावाला घेऊन आल्या, त्यांची मागणीही याहून वेगळी नव्हती. त्यांचे माहेरचे आडनाव विल्यम्स. मॅसॅच्युसेट्समधल्या टाँटन गावचा जुना वसाहतकार रिचर्ड विल्यम्स हा आपला मूळपुरुष आणि तो ऱ्होड आयलंडच्या संस्थापकाचा, म्हणजे रॉजर विल्यम्सचा, सख्खा भाऊ, असे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. पुराव्यादाखल त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या एका स्थानिक इतिहासग्रंथाच्या पानाची छायाप्रत आणली होती. त्या पानावर ‘असे म्हणतात की’ या शब्दांखेरीज दुसरा कोणताही आधार दिलेला नव्हता.

रिचर्डपर्यंतची त्यांची साखळी मी आधीच तपासून ठेवली होती. जमिनींचे दस्त, वारसनोंदी आणि विवाहनोंदी यांतून ती नीट जुळत होती आणि तिच्याविषयी मला शंका उरली नव्हती. प्रश्न होता तो शेवटच्या दुव्याचा. विल्यम्स हे आडनाव म्हणजे आपल्याकडचे पाटील. ते सारखे असण्यावरून भाऊबंदकी ठरवू गेल्यास अर्धा प्रांत एकमेकांचा चुलतभाऊ निघेल. त्या काळात न्यू इंग्लंडमध्ये या आडनावाची अनेक घराणी स्वतंत्रपणे येऊन वसली होती. रॉक्सबरीला नॉरफोकहून आलेला एक रॉबर्ट विल्यम्स होता, तर प्रॉव्हिडन्सला रॉजरचा खरोखरचा सख्खा भाऊ असलेला दुसराच रॉबर्ट विल्यम्स होता. एकोणिसाव्या शतकात घराण्यांचे इतिहास छापण्याची हौस वाढली, तेव्हा लेखकांनी अशी एकाच नावाची माणसे मोठ्या उदार मनाने एकमेकांच्या कुटुंबांत घालून दिली, आणि ती निस्तरण्यात आमच्यासारख्यांचे आजही दिवस जातात.

रॉजर विल्यम्स हा केंब्रिजमध्ये शिकलेला धर्मोपदेशक. तो १६३१च्या फेब्रुवारीत ‘लायन’ जहाजातून मॅसॅच्युसेट्सला पोहोचला. धर्माच्या बाबतीत शासनाला माणसाच्या मनावर हुकूम चालवता येत नाही आणि मूळ रहिवाशांची जमीन राजाच्या सनदेने आपली होत नाही, ही मते त्याने इतक्या उघडपणे मांडली की १६३५मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली, आणि पुढच्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. इतक्या प्रसिद्ध माणसाचे आईवडील कोण, हे मात्र जवळजवळ अडीचशे वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. लंडनमधल्या सेंट सेपल्कर चर्चच्या ज्या नोंदवहीत त्याचा बाप्तिस्मा सापडायचा, ती १६६६च्या मोठ्या आगीत गेली. नोंद नसली की दंतकथेला जागा मिळते, त्याप्रमाणे तो वेल्सचा असल्याचे छातीठोकपणे लिहिले जाऊ लागले. वास्तविक सर एडवर्ड कोक या प्रख्यात न्यायाधीशांच्या कन्या ॲन सॅडलिअर यांनी, हा मुलगा लहानपणी स्टार चेंबर या राजाच्या खास न्यायालयातली भाषणे लघुलिपीत टिपून कोक यांना देत असे, असे टिपण करून ठेवले होते. म्हणजे त्याचे बालपण लंडनला गेल्याची खूण समोरच होती. परंतु आईवडिलांची नावे त्यातून मिळत नव्हती. ती मिळाली १८८९मध्ये. हेन्री वॉटर्स हे अमेरिकन संशोधक लंडनमध्ये जुन्या मृत्युपत्रांच्या वह्या पान पान वाचत बसत, आणि त्यांना एलिस विल्यम्स या विधवेचे मृत्युपत्र सापडले.

तेच मृत्युपत्र मी त्या दिवशी दोघा भावंडांसमोर पडद्यावर उघडले. मूळ कागद नव्हे, तर कँटरबरीच्या धर्मपीठाच्या वारसान्यायालयाने आपल्या वहीत उतरवून घेतलेली नक्कल. या वह्या आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या काळच्या कारकुनी वळणाची ओळख नसेल तर ते पान म्हणजे निव्वळ वेटोळी दिसतात : ‘एच’ची शेपटी ओळीखाली लोंबते, ‘ई’ उलटा फिरवल्यासारखा असतो आणि विरामचिन्हे जवळजवळ नसतातच. म्हणून एकेका ओळीखाली पट्टी धरून मी ते सावकाश वाचून दाखवले. मृत्युपत्राची तारीख १ ऑगस्ट १६३४. ते न्यायालयात सिद्ध झाले पुढच्या जानेवारीत. (तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलत असल्यामुळे वहीत तो जानेवारीही १६३४चाच आहे, आणि एवढ्या एका गोष्टीने कितीतरी वंशावळींत बाप मुलाच्या जन्माआधीच वारलेला दिसतो.) एलिसने आपल्या मुलांची नावे घेतली आहेत : सिड्रॅक, रॉबर्ट, कॅथरिन, आणि ‘सध्या समुद्रापार असलेला’ मुलगा रॉजर. रॉजरला वीस वर्षे दरसाल दहा पौंड द्यावेत, आणि तो मधेच वारला तर उरलेली रक्कम त्याच्या पत्नीला व मुलीला मिळावी.

त्या ‘मुली’पाशी बाई थांबल्या आणि त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. रॉजरची थोरली मुलगी मेरी ही प्लिमथला १६३३च्या ऑगस्टमध्ये जन्मलेली. म्हणजे जहाजांनी महिनोन्‌महिने घेणाऱ्या त्या काळातही नातीच्या जन्माची बातमी लंडनच्या आजीपर्यंत पोहोचली होती आणि तिने वर्षभराच्या आत त्या नातीची मृत्युपत्रात तरतूद केली होती. नातेसंबंध सिद्ध करण्यासाठी याहून पक्का कागद मला माझ्या सबंध नोकरीत क्वचितच मिळाला आहे.

रिचर्डचे नाव मात्र त्या मृत्युपत्रात कुठेही नव्हते. भावाने लगेच हरकत घेतली, आणि ती रास्त होती. आई त्याच्यावर नाराज असेल, किंवा त्याचा वाटा आधीच देऊन झाला असेल; नाव गाळले म्हणजे मुलगा नव्हता असे कसे म्हणता येईल? केवळ मौनावरून निष्कर्ष काढू नये, हा आमच्याही धंद्यातला पहिला नियम आहे. म्हणून मी मृत्युपत्र बाजूला ठेवले आणि रिचर्डच्या बाजूचे कागद काढले. टाँटनचा रिचर्ड विल्यम्स हा लंडनचा नसून ग्लॉस्टरशर परगण्यातला होता. त्याची बायको फ्रान्सिस डायटन हीही तिकडचीच. तिची बहीण कॅथरिन हिने पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये, आपल्या कडकपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या थॉमस डडलीशी लग्न केले, आणि हा डडली त्या वसाहतीचा चार वेळा गव्हर्नर झाला होता. लंडनच्या शिंपी-व्यापाऱ्यांच्या संघातला जेम्स विल्यम्स हा रॉजरचा बाप आणि ग्लॉस्टरशरमधले हे घराणे यांना जोडणारा एकही धागा दिसत नाही. थोडक्यात, रॉजरचे भाऊबंद म्हणवून घेणारे घराणे त्याला हद्दपार करणाऱ्या वसाहतीच्या गव्हर्नराचे सोयरे निघाले.

बाईंनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग आजकाल हमखास विचारला जाणारा प्रश्न विचारला : डीएनए तपासून कायमचा निकाल लावता येणार नाही का? येतो, पण त्यासाठी रॉजरच्या सलग पुरुषवंशातला आज हयात असलेला माणूस लागतो. रॉजरचा प्रॉव्हिडन्स याच नावाचा थोरला मुलगा अविवाहित वारला, त्यामुळे अशी ओळ डॅनियल किंवा जोसेफ या दोनच मुलांकडून येऊ शकते. खुद्द रॉजरच्या थडग्यातून काही मिळण्याची आशा १८६०मध्येच संपली. स्मारकासाठी कबर उकरली, तेव्हा हाडे जवळजवळ नाहीशी झालेली होती आणि त्यांच्या जागी शेजारच्या सफरचंदाच्या झाडाचे एक मूळ, पाठीच्या कण्यासारखे सरळ जाऊन गुडघ्यापाशी वाकलेले, असे सापडले. ते मूळ ऱ्होड आयलंडच्या इतिहास संस्थेने जपून ठेवले आहे. भाऊ यावर मोठ्याने हसला, आणि तोवर जरा अवघडलेली आमची बैठक सैल झाली.

मग बाईंनी विचारले, “ते दहा पौंड त्याला मिळाले का हो?”

वंशावळ हरल्यावर सहसा कोणी असा प्रश्न विचारत नाही. मी त्यांना सांगितले की ते प्रकरण लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात गेले. तिथे साक्ष द्यायची तर ठरलेल्या विधीने शपथ घ्यावी लागे, आणि शपथ हे ईश्वरपूजेचे कृत्य असून ते न्यायालयाच्या उपचारासाठी करायचे नाही, असे रॉजरचे मत होते. त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की, त्या उपचाराला मान देण्याऐवजी आपण चॅन्सरीत मोठमोठ्या रकमांवर पाणी सोडले. म्हातारपणी त्याच्यापाशी फारसे काही उरले नव्हते. मुलगा डॅनियल याने १७१०मध्ये एका पत्रात, वडिलांनी आपल्या जमिनी गरजूंना देऊन टाकल्या आणि शेवटी त्यांच्याकडे स्वतःपुरतेही राहिले नाही, असे लिहिले आहे. आपण आईवडिलांसाठी काय केले ते सांगण्याची इच्छा नाही, पण वृद्ध माणसांना लागते ते त्यांना कमी पडले नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे.

बाईंनी निघण्यापूर्वी ग्लॉस्टरशरमधल्या नोंदींचे पुढचे काम आमच्याकडे नोंदवले आणि त्याचा आगाऊ खर्चही भरला. भावाचे समाधान मात्र पुरते झालेले नव्हते. अहवालाच्या पहिल्या पानावर निदान गव्हर्नर डडलीचे नाव ठळक अक्षरांत घालता येईल का, असे त्याने दारापाशी मला विचारले. डडली हे तुमच्या मूळपुरुषाच्या मेहुणीचे यजमान, पूर्वज नव्हेत, असे सांगून मी ते नाव तळटीपेत घालण्याचे कबूल केले.