छप्पर कापडाचं की पत्र्याचं: माझा अनुभव

दोन सीटची गाडी घ्यायची हे घरात पास व्हायलाच तीन वर्षं लागली, त्यामुळे पुढचं सगळं एका वीकेंडचं काम आहे असं मला वाटलं होतं. लागले साडेचार महिने, आणि त्यातले चार महिने फक्त एका प्रश्नावर गेले, वरचं छप्पर कापडाचं घ्यायचं की पत्र्याचं.

गाडी ठरलेली होती, माझदा मियाटा, छप्पर उघडणारी छोटी गाडी. आम्ही कॅलिफोर्नियात सनीवेलला राहतो, बजेट 27 हजार डॉलर, सेकंडहँड, मॅन्युअल गिअर. 2019 च्या आधीची नको हेही नक्की होतं, कारण त्या साली त्याच दोन लिटरच्या इंजिनाची ताकद 155 वरून 181 हॉर्सपॉवर झाली आणि स्टिअरिंग पुढेमागे करता यायला लागलं, आधी नुसतं वरखाली व्हायचं. मध्ये आठवडाभर टोयोटा जीआर86 चं भूत पण डोक्यात होतं, म्हणजे छप्पर उघडायची भानगडच नको, मागे नावाला का होईना दोन सीट. पण त्या मागच्या सीटवर माझी अकरा वर्षांची मुलगी बसून बघून आली आणि म्हणाली बाबा, इथे फक्त माझी स्कूलबॅग बसेल. विषय संपला.

तर मियाटात दोन प्रकार. एक सॉफ्ट टॉप, कापडी छप्पर, हाताने उघडायचं हाताने लावायचं. दुसरी आरएफ, बटण दाबलं की डोक्यावरचा पत्र्याचा भाग आपोआप मागे जाऊन सीटच्या पाठी घडी होऊन बसतो, 13 सेकंद लागतात, आणि गाडी ताशी 6 मैलांपेक्षा हळू असली तरच. मागचे दोन तिरके खांब मात्र तिथेच राहतात. आरएफ साधारण 50 किलोने जड, म्हणजे तांदळाच्या दोन गोण्या कायम गाडीत टाकून फिरल्यासारखं. डिकी दोन्हींची जवळपास सारखीच, 130 लिटरच्या आतबाहेर, केबिन बॅग आणि एक भाजीची पिशवी.

मी पहिल्यापासून आरएफच्या बाजूने होतो हे कबूल करतो. एक तर दिसते भारी. आणि दुसरं म्हणजे कापडी हूड म्हटलं की मला मामाची जीप आठवते, साताऱ्याहून भर पावसात महाबळेश्वरला गेलो होतो, हूडची अर्धी बटणं तुटलेली आणि मागे बसलेलो आम्ही चौघं भावंडं आळीपाळीने एक फडकं पिळत होतो. पुण्याच्या चुलतभावाने थार घेतली तेव्हा त्याच्यासमोरही हाच प्रश्न होता, त्याने दोन मिनिटांत हार्डटॉप घेतली. त्याला फोन केला तर म्हणे, दादा उगाच डोकं लावू नकोस, कापड ते कापडच. झालं, माझं मत अजून पक्कं.

तरी बायको म्हणाली, बघायला काय जातंय, एक सॉफ्ट टॉप बघून तर ये. आई तेव्हा उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आलेली, तिलाही घेऊन गेलो कारण घरात बसून कंटाळली होती. सॅन होजेला एका घराबाहेर झाडाखाली उभी लाल मियाटा, 31 हजार मैल, बाहेरून आरशासारखी चकचकीत, मालक गोड बोलणारा. मी टायर बघतोय, रंग बघतोय, आई दार उघडून पॅसेंजर सीटवर टेकली (टेकली कसली, जवळजवळ पडलीच, इतकी खाली असते ती सीट) आणि लगेच म्हणाली, अरे ह्या गाडीला ओल लागलीये. मी म्हटलं आई जुनी गाडी आहे, असेल वास थोडा. ती म्हणे थोडा नाही, पावसाळ्यात न वाळलेली गोधडी कपाटात ठेवली की येतो ना, तो. मी वाकून सीटच्या मागचा गालिचा दाबला तर बोटं ओली झाली! सॅन होजेत, जुलैमध्ये, जिथे एप्रिलनंतर पावसाचा थेंब नव्हता, म्हणजे गाडी धुतली असणार आणि तेच पाणी आत उतरलं.

त्याचं कारण मला नंतर मेकॅनिककडे कळलं, आणि सॉफ्ट टॉप घेणाऱ्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवाच. कापडावर पडलेलं पाणी मागच्या कडेने खाली उतरतं आणि सीटच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असते तिच्यातून मागच्या चाकाजवळ जमिनीवर जातं. गाडी झाडाखाली उभी असली की सुया, पानं, माती त्या नळीत जाऊन बसतात, नळी तुंबते आणि पाणी मग आत वळतं. म्हणजे दोष कापडाचा नसतोच, गटार तुंबलं की चाळीत पाणी शिरतं तसला प्रकार. घरी येईपर्यंत मामाच्या जीपवरचा माझा राग जरा कमी झाला होता.

पुढच्या आठवड्यात आरएफ चालवली, वॉलनट क्रीकला. छप्पर बंद असताना काय सांगू, मस्तच, 680 हायवेवर फोनवर बोलता येईल इतकी शांत, लेदरच्या गरम होणाऱ्या सीट, सगळं थाटात. मग सिग्नलला छप्पर उघडलं, शेजारच्या गाडीतली पोरं बघत बसली, मीही जरा कॉलर ताठ करून घेतली. आणि हायवेला लागून ताशी 65 मैलांवर गेलो तसा कानामागे घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, मागच्या त्या दोन खांबांमध्ये वारा अडकून घुमतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा पण सतत. मालक प्रामाणिक होता, म्हणाला हायवेवर मी उघडतच नाही. लेन बदलताना डावीकडे मान वळवून बघितलं तर खांबच दिसला, आरसे नीट लावले की भागतं म्हणे, पण मला खांद्यावरून बघायची सवय. आणि वर बघितलं तर आभाळ होतं खरं, पण चौकटीतलं. 27 हजार मागत होता, कमी करायला तयार नाही. परत येताना मी बायकोला काहीच बोललो नाही, तिने ओळखलं.

आता खरी अडचण माझ्या खांद्याची. मागच्या वर्षी उजवा खांदा फ्रोझन झाला होता, फिजिओकडे सहा महिने भिंतीवर बोटांनी चढायचे व्यायाम केलेत, आणि सॉफ्ट टॉपचं छप्पर सीटवर बसल्या बसल्या उजव्या हाताने मागे ढकलायचं असतं. म्हणून दुसरी सॉफ्ट टॉप बघायला गेलो, करडी, 2019 ची क्लब (मियाटाचंच एक मॉडेल), 28 हजार मैल, तेव्हा मी टेस्ट ड्राइव्हच्या आधी मालकाच्या दारात उभ्या गाडीत बसून नुसतं छप्पर उघडबंद करत बसलो. आरशाच्या वरची कडी सोडायची, हाताने मागे झोकायचं, मागे कट् असा आवाज आला की बसलं. चारपाच सेकंद, फार तर. जाताना काही त्रास नाही. येताना मात्र दोन सीटच्या मधली मागची कळ दाबायची, छप्पर थोडं वर उडी मारतं, मग मागे हात वळवून ते ओढून आणायचं, तिथे खांद्यात कळ आली. दुसऱ्यांदा पण आली. तिसऱ्यांदा गाडीतून उतरलो आणि बाहेरून ओढलं, कडी लावली, काही नाही झालं. मालक बिचारा हातात चहाचा मग घेऊन हे सगळं बघत होता, दहाव्या वेळेनंतर त्याने विचारलं, चालवून पण बघणार आहेस ना?

चालवली. 280 हायवेवर ताशी 65 ला वारा भरपूर, पण तो डोक्यावरून सरळ निघून जातो, कानात घुमत नाही. मग 84 ने वुडसाइडच्या पुढे वर चढलो, रेडवूडची झाडं सुरू झाली आणि एकदम गारवा, ओल्या मातीचा आणि झाडांचा वास, वर बघितलं तर शेंडेच दिसत नव्हते. तिथेच ठरलं खरं तर. छप्पर बंद केल्यावर ती आरएफपेक्षा गोंगाटी आहेच, ट्रक शेजारून गेला की गाडीतच आल्यासारखा वाटतो, त्यात खोटं नाही.

चोरीची भीती बायकोला होती, कापड काय कुणीही ब्लेडने कापेल. त्यावर जुन्या मियाटावाल्यांचा सरळ हिशोब असा की आत काहीच ठेवायचं नाही, आणि सॅन फ्रान्सिस्कोत उभी करायची तर दार लॉकच करायचं नाही, कारण गाडीतल्या दहा रुपयाच्या वस्तूसाठी महागडं छप्पर फाटतं. आम्ही त्यापेक्षा सोपा उपाय काढला, सॅन फ्रान्सिस्कोला ट्रेनने जातो.

मेकॅनिकने तपासली, त्याला मुद्दाम सांगून दोन्ही नळ्यांत पाणी ओतायला लावलं. 24 हजार 300 ला सौदा झाला. कागदपत्रं सोपी, चार वर्षांपेक्षा जुनी गाडी म्हणून स्मॉग सर्टिफिकेट (आपल्या पीयूसीसारखं) विकणाऱ्याने द्यायचं, टायटलवर (मालकीच्या कागदावर) सह्या, दहा दिवसांच्या आत डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, जाऊन नावावर करायची. टॅक्स तिथे वेगळा भरायचा, आमच्या काउंटीत नऊ टक्क्यांच्या वर, तो मी बजेटमध्ये धरलाच नव्हता, त्यामुळे काउंटरवर जरा घाम फुटला.

आई जायच्या आधी तिला हाफ मून बेपर्यंत नेली. डोक्याला स्कार्फ, वर शाल, हीटर चालू, आणि समुद्राजवळ पोचलो तर धुकं, छप्पर लावायला मी उतरलो तर म्हणे राहू दे रे, काससारखं आहे.

नोव्हेंबरमध्ये पहिला पाऊस पडायच्या आदल्या रविवारी मी पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेलो. आमच्या पार्किंगवर पण एक झाड आहेच. मी सीटच्या मागे हळूहळू पाणी ओततोय, मुलगी मागच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसून बघतेय. आधी काही नाही, मग तिचा आवाज आला, आलं बाबा! आता त्या बाजूला.