केमोनंतर डोकं चालावं म्हणून कुठला गेम खेळू?

टाटाच्या ओपीडीत बाकावर शेजारी बसलेल्या बायका विचारतात, त्यांच्या मुली विचारतात, परवा तर आमच्या पतपेढीत आलेल्या एका खातेदार काकूंनी विचारलं, की केमोनंतर तुझं डोकं पुन्हा पहिल्यासारखं चालायला लागलं ते त्या मोबाईलवरच्या गेम्समुळे ना, मग कुठला गेम ते सांग. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

माझं काम व्हाउचर आणि रोजकीर्द जुळवायचं. केमोनंतर असं व्हायला लागलं की बेरीज करताना हातचा धरायचा आणि पुढच्या रकान्यात जाईपर्यंत तो गायब. मग परत वरून. कोणी मधेच हाक मारली तर संपलंच. डॉक्टर याला केमो ब्रेन म्हणतात, हे मनाचे खेळ नाहीत, खरंच होतं, बऱ्याच जणींचं काही महिन्यांत कमी होतं, काहींचं जास्त रेंगाळतं. आणि कारण एकटी केमो नसते, हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, झोप नसते, पाळी अचानक बंद झालेली असते, हार्मोनच्या गोळ्या चालू असतात. म्हणून गेम डाउनलोड करायच्या आधी डॉक्टरांना सांगा आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ बघायचंय का ते विचारा, हे मी प्रत्येकीला पहिलं सांगते.

आता गेम. जोड्या लावायचे, आकडे लक्षात ठेवायचे, पटकन बोट टेकवायचे, सगळे खेळले. लेव्हल भराभर वर गेली पण हातचा काही सापडेना! म्हणजे त्या गेममध्ये मी हुशार झाले, व्हाउचरमध्ये नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की अभ्यासातही साधारण असंच दिसलंय. ऑस्ट्रेलियात २४२ कॅन्सर पेशंटवर १५ आठवड्यांचा असा प्रोग्रॅम करून बघितला, २०१७ साली छापून आलं, त्यात गेम खेळलेल्यांना स्वतःला डोकं सुधारल्यासारखं वाटलं, पण प्रत्यक्ष टेस्ट घेतल्या तेव्हा न खेळलेल्यांपेक्षा ठळक फरक नव्हता. स्टॅनफर्डच्या २०१३ च्या अभ्यासात टेस्टमध्येही थोडा फायदा दिसला होता, पण त्यात बायका ४१च. आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) कारवाईत लुमॉसिटी या डोक्याच्या गेम्सच्या ॲपवाल्यांना २० लाख डॉलर भरावे लागले, कारण केमोचे परिणामसुद्धा कमी होतात अशा जाहिरातींना पुरेसा पुरावा नव्हता. त्यामुळे वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ नका, आधीच उपचारांत किती पैसा गेलेला असतो.

तरी गेम वाया गेले असं मी म्हणणार नाही. पेपरातली एक बातमी सलग वाचवत नव्हती तेव्हा रोज थोडा वेळ एका जागी लक्ष लावून बसायची सवय त्यांनीच लावली, आणि आपलं डोकं अजून शिकतंय हे डोळ्यांनी दिसणं, याची किंमत त्या दिवसांत खूप असते. "वाटलं" म्हणजे काहीच नाही असं नसतं, त्या वाटण्यावरच मी कामावर परत गेले.

पण हातचा परत आला तो हातच्याच्याच सरावाने. जुनी व्हाउचरं घेऊन मोठ्याने बोलत बेरीज करायची, हातचा कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा, मग हळूहळू लिहिणं बंद. लोकलमध्ये बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंत स्टेशनं उलटी म्हणायची, एक सोडून एक. आणि शिवाजी पार्कला रोज चालणं, कारण व्यायामाने थकवा कमी होतो हे डॉक्टरही सांगतात आणि थकवा कमी झाला की डोकं आपोआप जरा मोकळं होतं. तुम्ही शिक्षिका असाल तर हजेरीपटावरची नावं पाठ करा, घरात स्वयंपाक सांभाळत असाल तर यादी न बघता बाजार करून या, जे काम परत हवंय तेच थोडं थोडं करा.

घरच्यांना एक सांगा, शब्द अडला तर लगेच पुरवू नका, तिला शोधू दे.

आणि गेमचं नाव हवंच असेल तर पेपरातलं सुडोकू, वेगळे पैसे पडत नाहीत, सकाळी चहा झाल्यावर सोडवा, आणि केमोच्या डोसनंतरचे थकव्याचे दिवस असतील तेव्हा तेही नको, झोपा सरळ.